मोबाइल, टॅब, कॉम्प्युटरवर चित्र काढायचंय? ॲप निवडण्याआधी आणि पैसे घालण्याआधी हे वाचा

बुलढाणा : लेकराला चित्रकलेची आवड आहे, त्याला टॅब घेऊन द्यावा का? मोबाइलवर कोणतं ॲप टाकावं? फ्लेक्सच्या दुकानात काम धरायचं तर काय शिकावं लागेल? बातम्यांच्या निमित्तानं गावोगाव फिरताना हे प्रश्न पालक आणि तरुण पोरं नेहमी विचारतात. इंटरनेटवर याची उत्तरं ढीगभर आहेत. पण ती बहुतेक इंग्रजीत आहेत आणि लाखभराचं सामान ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहेत. आपल्याकडं पैसा सोयाबीन-कपाशी विकल्यावर हातात येतो आणि एकदा गेला की वर्षभर परत येत नाही. म्हणून ही माहिती आपल्या सोयीनं, एका ठिकाणी देत आहे.

ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं सोयाबीनचे पैसे आल्यावर मुलीसाठी टॅब घेतला. दुकानदारानं सांगितलं, "यावर मस्त ड्रॉइंग होते." घरी आणल्यावर कळलं की त्या टॅबच्या स्क्रीनला दाब ओळखणारं पेन चालतच नाही. वेगळं पेन आणलं तर तेही नुसतं बोटासारखं चालायला लागलं. बॉक्स फोडलेला होता, त्यामुळे दुकानदारानं परत घेतला नाही. आता त्या टॅबवर घरात सिनेमे पाहिले जातात. टॅब वाईट नव्हता, या कामाचा नव्हता एवढंच. असं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आधी चित्र कुठं जाणार ते ठरवा, त्यावरून सॉफ्टवेअर ठरवा, आणि यंत्र सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात.

चित्र कुठं जाणार?

आपल्या भागात चित्राची कामं साधारण चार प्रकारची असतात.

पहिलं, शाळेची परीक्षा. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कागदावरच होतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळं पेन्सिल, ब्रश आणि रंगानं हातानं काढावं लागतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. या गुणांसाठी टॅबची काहीच गरज नाही. चांगला कागद, रंग आणि रोजचा सराव यावर पैसे आणि वेळ घाला.

दुसरं, आवड म्हणून किंवा सोशल मीडियावर टाकण्यासाठी काढलेली चित्रं. मोबाइलवर पाहायची असतील तर हातातला मोबाइलच पुरतो.

तिसरं, छपाईचं काम. फ्लेक्स, लग्नपत्रिका, बचत गटाच्या पापड-मसाल्याचं लेबल, दुकानाचं बोधचिन्ह, सप्ताहाचं पोस्टर. आपल्याकडं रोजगार याच कामात जास्त आहे.

चौथं, पुढं ॲनिमेशन, गेम, पुस्तकांची चित्रं किंवा कलाशिक्षण यात जायचं असेल तर. इथं मात्र दाब ओळखणारं पेन आणि कॉम्प्युटर यांची गरज हळूहळू लागते.

तुमचं काम यातलं कोणतं आहे हे ठरलं की अर्धी निवड झाली.

ठिपक्यांचं चित्र आणि रेषांचं चित्र

सॉफ्टवेअर दोन जातीचं असतं आणि हा फरक न कळल्यामुळं बरेच पैसे आणि मेहनत वाया जाते.

पहिली जात ठिपक्यांची. चित्र म्हणजे बारीक बारीक रंगीत चौकटी, ज्यांना पिक्सेल म्हणतात. रांगोळीचे ठिपके समजा. जितके ठिपके घेतले तितकंच चित्र मोठं होतं. नंतर ताणलं तर कडा फाटल्यासारख्या दिसतात. क्रिता, फोटोशॉप, गिंप, आयबिस पेंट, स्केचबुक, प्रोक्रिएट ही या जातीची सॉफ्टवेअरं आहेत. हातानं रंगवल्यासारखं चित्र काढायला हीच लागतात.

दुसरी जात रेषांची, तिला व्हेक्टर म्हणतात. यात रेषा कुठून कुठं जाते, किती वळते हे गणितानं साठवलेलं असतं. त्यामुळे तेच बोधचिन्ह मसाल्याच्या पुडीवर छापा किंवा वीस फुटांच्या फ्लेक्सवर, धार तशीच राहते. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप ही या जातीची.

साधा नियम असा : अक्षरं, बोधचिन्ह, लेबल, पत्रिका असेल तर रेषांचं सॉफ्टवेअर. माणूस, निसर्ग, देवाचं चित्र, व्यंगचित्र रंगवायचं असेल तर ठिपक्यांचं.

ठिपक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू करतानाच आकार नीट घ्यावा लागतो. ए४ कागदावर चांगली छपाई हवी असेल तर एका इंचात ३०० ठिपके, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. फ्लेक्स लांबून पाहतात, म्हणून तिथं इंचाला ७२ ठिपके घेतले तरी बहुतेक वेळा भागतं. १० बाय ५ फुटांच्या फ्लेक्सला ते ८६४० गुणिले ४३२० पिक्सेल होतात. तरी छापणाऱ्याला आधी विचारून घ्या, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

मोबाइल का अडकतो तेही यातच आहे. ए४ आकाराचा एक लेयर साधारण ३५ एमबी मेमरी खातो. वीस लेयर केले की ७०० एमबी झाले. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये त्यातली बरीच मेमरी फोन स्वतःच वापरत असतो. म्हणून ॲप ठरावीक लेयरनंतर नवा लेयर देत नाही किंवा बंद पडतं. दोष ॲपचा नसतो. लेयर कमी ठेवा, झालेले लेयर एकत्र करा.

मोबाइल असेल तर

सुरुवात इथूनच करा. नवीन काही घ्यायची गरज नाही.

आयबिस पेंट हे जपानी ॲप मोबाइलवर चित्र काढणाऱ्या पोरांमध्ये सगळ्यात जास्त चालतं. फुकट आहे, पण जाहिराती येतात आणि काही ब्रश जाहिरात पाहिल्यावर उघडतात. हात थरथरला तरी रेष सरळ ठेवण्याची सोय यात चांगली आहे. बोटानं काढणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो. चित्र कसं काढलं त्याचा व्हिडिओही ॲप आपोआप तयार करतं.

स्केचबुक हे ॲप साधं आणि हलकं आहे. आधी ते ऑटोडेस्क कंपनीचं होतं, २०२१ पासून वेगळ्या कंपनीचं झालं. मोबाइलवर फुकट वापरता येतं. बटणं कमी, त्यामुळे लहान लेकरांना आणि नवीन माणसाला लवकर समजतं. नुसता पेन्सिल सराव करायचा तर हेच टाका.

पिक्सेललॅब आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या मोबाइलमध्ये असतं. वाढदिवसाचे, जयंतीचे बॅनर त्यावरच होतात. पण ते अक्षरं आणि फोटो मांडायचं ॲप आहे, चित्र काढायचं नाही. कॅन्व्हाचंही तेच. बॅनर जमला म्हणजे चित्रकला आली असं नाही आणि चित्रकलेसाठी यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत.

मोबाइलवर स्वस्तातलं रबरी टोकाचं पेन मिळतं. ते बोटाऐवजी चालतं इतकंच. जोरात दाबलं तर रेष जाड होत नाही. तळहात स्क्रीनला लागला तर तिथंही रेष उमटते. बोट घामेजतं म्हणून घ्यायचं तर घ्या, पण त्यातून जास्त अपेक्षा ठेवू नका.

टॅब घ्यायचा असेल तर

टॅबमध्ये पाहायची पहिली गोष्ट पेन. स्क्रीन किती इंच, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळं नंतर. चांगलं पेन दोन कामं करतं. दाब ओळखतं आणि पेन टेकलेलं असताना तळहाताकडं दुर्लक्ष करतं. यासाठी स्क्रीनच्या आतच वेगळी सोय लागते. ती नसेल तर बाहेरून कितीही महागाचं पेन आणलं तरी उपयोग नाही. एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर बहुतेक चालत नाही आणि एकाच कंपनीच्या सगळ्या टॅबवरही चालत नाही.

उदाहरण घ्या. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटसोबत एस पेन बॉक्समध्येच येतं. त्याच कंपनीच्या टॅब ए९ ला मात्र एस पेन चालत नाही. दोन्ही टॅब दुकानात शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखेच. ॲपलच्या आयपॅडलाही वेगवेगळ्या पेन्सिली आहेत. त्यातली यूएसबी-सी पेन्सिल स्वस्त आहे, पण तिला दाब कळत नाही. चित्रकलेसाठी घेणाऱ्यानं हे विचारूनच घ्यावं.

पेनच्या जाहिरातीत ४०९६ किंवा ८१९२ दाबपातळ्या असं लिहिलेलं असतं. हा आकडा मोठा म्हणून जास्त पैसे देऊ नका. आपल्या हाताला दोन्हीत फारसा फरक कळत नाही.

ॲपचं म्हणाल तर, अँड्रॉइड टॅबवर आयबिस पेंट, स्केचबुक आणि क्रिता ही तिन्ही फुकट मिळतात. क्रिताची अँड्रॉइड आवृत्ती टॅबसाठी आहे, फोनच्या लहान स्क्रीनसाठी ती बनवलेली नाही. शिवाय ती अजून चाचणी स्वरूपात आहे, म्हणून काम मध्येमध्ये सेव्ह करत राहा.

प्रोक्रिएटचं नाव यूट्यूबवर खूप ऐकू येतं. ते ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधल्या कंपनीचं आहे आणि आयपॅडवरच चालतं. एकदाच पैसे भरायचे, महिन्याचं भाडं नाही. चांगलंच आहे. पण अँड्रॉइडवर 'प्रोक्रिएट' नावानं काही दिसलं तर ते खरं नाही, डाउनलोड करू नका. आयपॅड असेल तर अॅडोबीचं फ्रेस्को हे ॲपही २०२४ पासून फुकट झालं आहे.

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर

चित्र रंगवायला क्रिता हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू. जगभरातले स्वयंसेवक आणि नेदरलँड्समधली एक संस्था मिळून ते तयार करतात. पूर्ण फुकट आहे, जाहिरात नाही, मुदत नाही, आणि त्यावर केलेलं काम विकायलाही पूर्ण मोकळीक आहे. ब्रश भरपूर आहेत, साधं ॲनिमेशनही करता येतं. एक लक्षात ठेवा : क्रिताच्या स्वतःच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याला पैसे लागतात. ते पैसे संस्थेलाच मदत म्हणून जातात, पण सॉफ्टवेअर एकच आहे. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लहान आकाराची चित्रं निघतात. ८ जीबी असेल तर आरामात.

लेबल, बोधचिन्ह, पत्रिका यासाठी इंकस्केप. हेही पूर्ण फुकट. कोरलड्रॉ जे करतं त्यातलं बरंचसं यात होतं. फोटो कापणं, पार्श्वभूमी काढणं, रंग सुधारणं यासाठी गिंप. ते १९९६ पासून आहे आणि तेही फुकट.

कोरलड्रॉ आणि फोटोशॉप ही विकतची. फोटोशॉप आता एकदाच विकत मिळत नाही. २०१३ पासून कंपनीनं भाड्याची पद्धत आणली. महिना किंवा वर्ष संपलं, पैसे भरले नाहीत की बंद. आपल्या तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्स आणि छपाईच्या दुकानांत मात्र कोरलड्रॉचंच राज्य आहे. तिथं नोकरी करायची तर कोरल यावंच लागतं, हे खरं. पण आधी घरी इंकस्केपवर हात बसवला तर कोरल शिकायला फार दिवस लागत नाहीत. रेष, वळण, आकार जोडणं, आकार कापणं, थर मागे-पुढे करणं या गोष्टी दोन्हीकडं सारख्याच आहेत. दुकानात काम करताना दुकानाचं कोरल वापरा. घरी लाखाच्या गोष्टी करत बसू नका.

टॅबपेक्षा स्वस्त रस्ता : पेनची पाटी

हा मार्ग आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. पेन टॅब्लेट नावाची एक काळी पाटी मिळते. तिला स्क्रीन नसते. केबलनं कॉम्प्युटरला जोडायची, पाटीवर पेन फिरवायचं आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर उमटतं. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन या कंपन्या ती बनवतात. लहान पाटी अडीच-तीन हजारांच्या आसपास सुरू होते. पेन दाब ओळखतं आणि बऱ्याच पाट्यांच्या पेनला बॅटरी किंवा चार्जिंग लागत नाही. साधारण सहा बाय चार इंचाची पाटी शिकण्यासाठी भरपूर झाली.

यातल्या बऱ्याच पाट्या ओटीजी केबल लावून अँड्रॉइड मोबाइललाही जोडता येतात. बॉक्सवर अँड्रॉइड चालतं असं लिहिलेलं आहे का ते पाहा. मोबाइलला जोडल्यावर पाटीचा थोडाच भाग चालतो, पण दाबाची रेष मिळते.

हात पाटीवर आणि नजर स्क्रीनवर, हे सुरुवातीला अवघड जातं. पंधरा दिवस रोज अर्धा तास रेषा, गोल आणि अक्षरं गिरवा, मग सवय होते. घरात कॉम्प्युटर आधीच असेल तर पंचवीस-तीस हजारांच्या टॅबपेक्षा ही पाटी आणि क्रिता हा सौदा बरा.

मराठी अक्षरं नीट येतात का, हे आधी तपासा

चित्र चांगलं आणि खाली 'श्री क्षेत्र शेगांव' तुटलेलं. असे बॅनर आपण पाहतोच. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं की पहिल्याच दिवशी हे शब्द टाइप करून बघा : श्री, क्षेत्र, विद्यार्थी, कर्तृत्व, हार्दिक, सिंदखेडराजा. वेलांटी अक्षराच्या आधी येते का, रफार योग्य अक्षरावर बसतो का, जोडाक्षर जुळतं का ते पाहा. इंकस्केप आणि गिंपमध्ये युनिकोड मराठी नीट येतं. फोटोशॉपमध्ये अक्षरं तुटत असतील तर सेटिंगमध्ये टाइप या भागात जाऊन दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये युनिकोड नीट चालत नाही.

म्हणूनच बऱ्याच दुकानांत अजून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं. यात पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथं नुसता कचरा दिसतो. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर तिथं थेट चिकटवला तरी गडबड होते.

यावर दोन उपाय आहेत. एक, फुकट आणि कायदेशीर युनिकोड फॉन्ट वापरा. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मिळतात. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. दोन, छापायला देण्याआधी अक्षरांचं आकारात रूपांतर करा. दुकानवाले याला 'कर्व्ह करणं' म्हणतात. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट, कंट्रोल आणि सी. मग समोर फॉन्ट असो-नसो, अक्षर बदलत नाही. पण कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी एक प्रत वेगळी ठेवा आणि नावं-तारखा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

क्रॅक आणि मॉड एपीके : फुकट दिसतं, महाग पडतं

"दोनशे रुपयांत फोटोशॉप-कोरल टाकून देतो" असं सांगणारे सगळीकडं आहेत. यात दोन धोके आहेत.

पहिला कायद्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण पन्नास हजारांपर्यंत दंड तरी होऊ शकतो. फ्लेक्सचं दुकान टाकणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. कारण ते धंद्यात मोडतं.

दुसरा धोका पैशाचा. क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, तिथंच दार उघडतं. मोबाइलवर तर अजून वाईट. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर आलेली 'प्रो अनलॉक' एपीके फाइल ज्या फोनमध्ये टाकता, त्याच फोनमध्ये बापाचं बँक खातं, यूपीआय आणि ओटीपी असतात. पोराला आयबिसचे ब्रश हवे असतात आणि खात्यातली रक्कम जाते. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आणि क्रिता, इंकस्केप, गिंप फुकट असताना चोरी करायची गरजच काय?

आपली फाइल आपल्याकडं ठेवा

चित्र पूर्ण झालं की बरेच जण जेपीजी काढतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात. मग महिन्यानं कोणी म्हणतं, "तारीख बदलून द्या," तेव्हा सगळं परत करावं लागतं. मूळ फाइल म्हणजे लेयरसकट फाइल कायम जपा. बहुतेक ॲप पीएसडी स्वरूपात फाइल बाहेर काढू देतात. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. जे ॲप तुमची फाइल बाहेर काढू देत नाही, त्यात मोठं काम करू नका. फोन बिघडला की काम गेलं.

जेपीजी परत परत सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते. पार्श्वभूमी नसलेलं चित्र हवं असेल तर पीएनजी काढा. छपाईला पीडीएफ सगळ्यात सोयीची.

व्हॉट्सॲपवर दुकानदाराला चित्र पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, दाबून लहान होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंगाचंही सांगून ठेवतो. मोबाइलवर झगझगीत दिसणारा पोपटी किंवा निळा कागदावर फिका पडतो, कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि छपाई शाईनं. शंभर लेबलं छापण्याआधी एक काढून पाहा.

लाइटीचा आपल्याकडं भरवसा नाही. डेस्कटॉपवर काम करत असाल तर दर दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. आठवड्याला एकदा सगळं पेन ड्राइव्हवर घ्या. वर सांगितलेल्यांपैकी क्रिता, इंकस्केप आणि गिंप एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. रेंज नसलेल्या गावाला ही मोठी सोय आहे.

पुढं यातच शिकायचं असेल तर

बारावीनंतर बीएफए करायचं तर राज्य सीईटी कक्षाची एमएएच-एएसी ही प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे हातानं काढायचे पेपर असतात आणि सामान्यज्ञानाचा पेपर वेगळा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय कला महाविद्यालयं आहेत, आपल्या जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी पोहोचता येण्यासारखी. प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडं कोणतं ॲप आहे हे कोणी विचारत नाही, हात किती चालतो हे पाहतात. म्हणून टॅब असला तरी रोजची वही सोडू नका. जनावरं, बाजार, एसटी स्टँड, लोणारचं सरोवर, वावरातलं काम, जे दिसेल ते पेन्सिलनं काढा. ज्याचा कागदावर हात बसला तो कोणतंही सॉफ्टवेअर महिन्या-दोन महिन्यात शिकतो. उलटं होत नाही.

दुकानात जाण्याआधी

१. काम ठरलं का? परीक्षा, आवड, छपाई की पुढचं शिक्षण?
२. निदान तीन महिने आहे त्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर फुकट ॲपनं नियमित काम केलं का? केलं नसेल तर खरेदी थांबवा.
३. घरात कॉम्प्युटर आहे का? असेल तर आधी पेनच्या पाटीचा विचार करा.
४. टॅबच घ्यायचा तर दुकानदाराला नेमकं विचारा : "या मॉडेलला दाब ओळखणारं पेन चालतं का, कोणतं, आणि ते बॉक्समध्ये आहे की वेगळं घ्यायचं?" दुकानातच चित्राचं ॲप उघडून हलकं-जोरात दाबून रेष काढून पाहा. तळहात टेकवून पाहा.
५. रॅम टॅबला ४ जीबीपेक्षा कमी नको, जमलं तर ६ किंवा ८.
६. पेनचं टोक झिजतं. सुटी टोकं मिळतात का?
७. पक्कं बिल घ्या. मॉडेलचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या आणि पेन चालत नसेल तर परत घेणार का, हे बॉक्स फोडण्याआधी ठरवा.

थोडक्यात सांगायचं तर, मोबाइलवर आयबिस पेंट किंवा स्केचबुक, कॉम्प्युटरवर रंगवायला क्रिता, लेबल-पत्रिकेला इंकस्केप, फोटोला गिंप. एवढ्यावर वर्षभर शिकता येतं आणि खिशातून एक रुपयाही जात नाही. वर्षभरानंतरही पोराचा हात थांबला नसेल, तर मग पेनवर पैसे घाला. तोपर्यंत कोणतं पेन, कोणतं यंत्र हवं ते त्याला स्वतःलाच कळलेलं असेल.